वैशाखांतील डोह आणि नदींतील मासळी

रब्बीचें धान्य घरांत आलें, नांगरट आटोपली, आणि मृगास अजून महिना-दीड महिना अवकाश असला, म्हणजे नदीकांठच्या शेतकऱ्यास थोडी उसंत मिळते. अशा दिवसांत गळ खांद्यावर टाकून डोहाकडे जाण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. ह्या वेळीं हमखास ऐकूं येणारी तक्रार अशी कीं, पाणी उतरलें आहे, मासे डोळ्यांनीं दिसतात, पण गळास म्हणून लागत नाहींत. दुसरी तक्रार ह्याहून गंभीर आहे. ज्या डोहांत पूर्वीं मासळी मुबलक होती, त्यांत आतां ती दिसेनाशी झाली, असें जागोजाग सांगण्यांत येतें. पहिल्या तक्रारीचा उलगडा नीट केला तर दुसरीचाही त्यांतूनच होतो, असें आमचें मत आहे. म्हणून खडकवासल्याच्या पाण्याचें उदाहरण घेऊन हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

खडकवासला धरण पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर आहे. मूळ दगडी धरणाचें काम १८६९ सालीं सुरू होऊन सुमारें दहा वर्षांनीं पुरें झालें, व कर्नल फाइफ ह्या इंजिनियराच्या नांवावरून त्याच्या पाण्यास फाइफ जलाशय म्हणूं लागले. १२ जुलै १९६१ रोजीं वरच्या अंगाचें पानशेत धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंही धरण फुटलें. पुढें तें पुन्हां बांधून काढण्यांत आलें. आज वरच्या बाजूस मुठेवर टेमघर, मोसे नदीवर वरसगांव व आंबी नदीवर पानशेत अशीं तीन धरणें आहेत. टेमघरचा उपयुक्त सांठा सुमारें ३.७१ अब्ज घनफूट, वरसगांवचा १२.८२, पानशेतचा १०.६५, आणि खडकवासल्याचा अवघा १.९७ अब्ज घनफूट आहे. म्हणजे खडकवासला हें पाण्याचें कोठार नसून वांटपाचा हौद आहे. वरचें पाणी नदीच्या पात्रांतून त्यांत यावयाचें आणि तेथून कालव्यानें हवेली, दौंड व इंदापूर ह्या तालुक्यांकडे व नळानें पुणें शहराकडे जावयाचें, असा हा क्रम आहे.

ह्यामुळें चैत्र-वैशाखांत ह्या एकाच टापूंत चार तऱ्हांचें पाणी पाहावयास मिळतें. वरच्या धरणांपासून खडकवासल्याच्या फुगवट्यापर्यंत नदी ऐन उन्हाळ्यांतही धरणांतून सोडलेल्या पाण्यानें वाहती असते. खुद्द जलाशयांत पाणी संथ असतें व कांठ रोज थोडाथोडा मागें हटत असतो. धरणाच्या खालीं मुठेचा स्वतःचा प्रवाह जवळजवळ नसतोच. शहराच्या हद्दींत जें पाणी वाहतांना दिसतें तें बहुतांशीं सांडपाणी होय. चौथी तऱ्हा म्हणजे ज्यांच्यावर मोठें धरण नाहीं असे ओढे व लहान नद्या. त्यांची धार फाल्गुनांतच तुटते व मागें राहतात ते केवळ डोह. आमच्या बहुतेक वाचकांचा संबंध ह्या चौथ्या तऱ्हेशीं येतो.

आतां मासा आणि उन्हाळा ह्यांचा संबंध पाहूं. मासाही आपल्याप्रमाणेंच प्राणवायूवर जगतो, परंतु तो त्यास पाण्यांत विरघळलेला घ्यावा लागतो. पाणी जितकें ऊन, तितका त्यांत प्राणवायु कमी मावतो. २० अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत दर लिटरास सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो. तेंच पाणी ३० अंशांवर गेलें कीं तो साडेसात मिलिग्रॅमांवर येतो, आणि पुण्यासारख्या उंचवट्यावरील प्रदेशांत त्याहूनही थोडा कमी भरतो. उलट माशाचें शरीर पाण्याबरोबर तापत असल्यामुळें त्यास प्राणवायूची गरज उन्हाळ्यांत अधिक लागते. उत्पन्न घटावें आणि त्याच वेळीं घरांतील खाणारीं तोंडें वाढावीं, तशी ही स्थिति आहे. पाण्यांत दर लिटरास पांच मिलिग्रॅम प्राणवायु असेल तोंवर बहुतेक मासे सुखानें राहतात. तो तीनच्या खालीं गेला कीं त्यांचे हाल सुरू होतात.

ह्यांत शेवाळाची भर पडते. डोहाचें पाणी हिरवें दिसतें तें त्यांतील बारीक शेवाळामुळें. हें शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशांत प्राणवायु सोडतें व रात्रीं तोच प्राणवायु घेतें. तळाशीं कुजणारा पालापाचोळा व शेण तर रात्रंदिवस प्राणवायु खात असतात. म्हणून सांचलेल्या हिरव्या पाण्यांत प्राणवायु सर्वांत कमी असतो तो पहांटे, आणि सर्वांत जास्त असतो तो तिसऱ्या प्रहरापासून सूर्यास्तापर्यंत. पहांटे डोहावर मासे तोंडें वर काढून मचमच करतांना दिसतात. डोह माशांनीं भरला आहे अशा समजुतीनें लोक आनंदतात व गळ टाकून बसतात. परंतु तो मासा भुकेनें वर आलेला नसतो. खालीं जीव गुदमरतो म्हणून पाण्याच्या अगदीं वरच्या पापुद्र्यावर श्वास घेण्यास आलेला असतो. गुदमरलेल्या प्राण्यास आमिषाची चाड कोठून असणार? मासे दिसतात पण लागत नाहींत, ह्याचें कारण हेंच.

ह्यावरून मासे धरण्याची वेळ व जागा कशी निवडावी हें समजतें. पहांट ही उत्तम वेळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वाहत्या पाण्यांत ती खरी आहे, कारण तेथें खडकांवरून खळाळतांना पाण्यांत हवा मिसळत राहते. सांचलेल्या हिरव्या पाण्यांत मात्र ती खोटी आहे. तेथें ऊन चढूं लागल्यावर साधारण आठ ते दहा, व संध्याकाळीं सूर्य कलल्यापासून अंधार पडेपर्यंत, हीच वेळ चांगली. दुपारीं वरचें पाणी तापतें, तेव्हां मासे कांठच्या झाडांच्या सावलींत किंवा कपारींत जाऊन स्वस्थ राहतात.

मोठ्या जलाशयांत आणखी एक गोष्ट ध्यानांत धरावी. ऊन पाणी हलकें असल्यामुळें वर तरंगतें व थंड पाणी खालीं राहतें. दोहोंची सहसा मिसळ होत नाहीं. त्यामुळें अगदीं खोल तळाशीं हवा पोंचत नाहीं व तेथें मासाही थांबत नाहीं. थंड जागा म्हणून गळ थेट तळास सोडणारा मनुष्य रिकाम्या घराचें दार ठोठावीत असतो. वारा वाहूं लागला कीं ज्या कांठावर लाटा आपटतात त्या कांठास पाणी घुसळलें जातें आणि किडेही तिकडेच लोटले जातात. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून बसण्याचा त्रास सोसणाऱ्यास फळ मिळतें. वळिवाची सर येऊन गेल्यावर ओढ्याचें गढूळ पाणी जेथें जलाशयास मिळतें, त्या मुखाशीं मासे चरण्यास जमतात. गांडुळाचें आमिष तेथें उत्तम चालतें.

येथें दोन सूचना केल्याशिवाय राहवत नाहीं. धरणाखालच्या पात्रांत पाणी कोणत्या वेळीं सोडतील ह्याचा नेम नसतो, म्हणून मधल्या खडकावर बसून मासे धरूं नयेत. आणि जलाशयांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. त्यावर भोई व कोळी बांधवांचीं घरें चालतात. तेव्हां त्यांस विचारून, त्यांच्या नियमानेंच गळ टाकावा.

आतां ह्या पाण्यांतील माशांविषयीं थोडें सांगतों. कर्नल साइक्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या माशांचें वर्णन १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. त्यानें येथील मासेमारांच्या तोंडचीं नांवें तशींच उचलून शास्त्रीय नांवांत गोंवलीं. खुद्री, म्हणजे आपला महाशीर, त्यास मुळा-मुठेंत पुण्याच्या पूर्वेस मिळाला, आणि आज जगभरचे शास्त्रज्ञ त्यास टोर खुद्री असेंच म्हणतात. शिंगाळा, कोळस, मळ्या, नुक्ता हीं नांवेंही त्याच मार्गानें ग्रंथांत गेलीं. ज्या नदीनें जगाच्या शास्त्रास हीं नांवें दिलीं, तिच्या शहरांतील पात्रांत आज मुख्यतः काय टिकतें? मरळ व मागूर टिकतात, कारण त्यांस पाण्याबाहेरची हवा घेतां येते. आणि चिलापी टिकते, कारण हा मूळचा आफ्रिकेंतील मासा वाईट पाण्यांतही तग धरतो, पिलें तोंडांत सांभाळतो व वर्षांत अनेकदां विणतो. खळाळत्या स्वच्छ पाण्याचा महाशीर अशा पाण्यांत जगत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, पाऊस आला, पूर आला, म्हणजे मासे आपोआप येतील. येथेंच आमच्या म्हणण्याचा मुख्य मुद्दा आहे. मासे पावसाबरोबर आभाळांतून पडत नाहींत. मृगाच्या पहिल्या पाण्यास जे मासे ओढ्यांतून, शेताच्या बांधांपर्यंत चढतात, ते वैशाखांत कोठल्यातरी डोहांत जिवंत राहिलेलेच असतात. ज्याप्रमाणें शेतकरी कणगींतील धान्य कितीही कमी झालें तरी बियाण्याच्या पेवास हात लावीत नाहीं, त्याप्रमाणें उन्हाळ्यांतील डोह हें नदीचें बियाण्याचें पेव होय. वैशाखाच्या अखेरीस माद्यांच्या पोटांत गाभोळी भरूं लागते. रोहू माशाच्या मादीस वजनाच्या दर किलोस सुमारें दोन लाख अंडीं असतात. महाशिरास त्या मानानें फारच थोडीं, कांहीं हजारच. पहिल्या पुरापूर्वीं अशी एक मादी मारली, तर आपण एक मासा खाल्ला असें वाटतें. वास्तविक पुढच्या हंगामाचें एक वाफाभर रोप उपटलेलें असतें. मरळीची गोष्ट आणखी निराळी आहे. नर व मादी मिळून पिलांच्या थव्याची राखण करतात. पाण्यावर बारीक तांबूस पिलांचा घोळका दिसला कीं खालीं आईबाप असणारच, हें जाणून लोक नेमका तेथेंच गळ टाकतात. आईबाप गेले कीं तासाभरांत इतर मासे पिलें फस्त करतात.

हें पेव रिकामें करण्याचे मार्ग आजकाल फार झाले आहेत. हिंगणबेट किंवा गेळ्याचीं फळें ठेंचून डोहांत टाकण्याची युक्ति जुनी आहे. तिची जागा आतां फवारणीच्या औषधांनीं घेतली. सायपरमेथ्रिनसारखीं औषधें माशांस अतिशय घातक आहेत. मासे मारण्याच्या हेतूनें नव्हे, नुसता फवारणीचा पंप डोहांत खंगाळला तरी लहान डोहांतील मासे मरूं शकतात. विहिरीच्या कामासाठीं आणलेल्या जिलेटिनच्या कांड्या डोहांत उडविणारेही आहेत. त्या स्फोटानें मोठे मासे हातीं लागतात तितक्याच पिलांचाही नाश होतो, आणि कित्येक मासे तर तळाशीं जाऊन वायां जातात. नदींत स्फोटक वापरून अथवा विष कालवून मासे मारणें हा १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्यानें गुन्हा ठरलेला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नाहीं.

परंतु ह्या सर्वांहून मोठें नुकसान आपण शेतकरीच, कसलाही वाईट हेतु नसतां करतों. तें म्हणजे डोह पंपानें उपसून कोरडा करणें. २०१६ सालच्या उन्हाळ्यांत, महसूल खात्याच्या नोकरींत असतां, आम्हीं टंचाईच्या कामानिमित्त ओढ्याकांठच्या एका गांवीं गेलों होतों. देवळाखालीं एक जुना डोह होता. गांवच्या म्हाताऱ्यांस तो कधीं आटल्याचें आठवत नव्हतें. कांठच्या दोघां बागाईतदारांनीं ऊस वांचविण्यासाठीं त्यावर पंप बसविले होते. आम्हीं पोंचलों तेव्हां गुडघाभर पाणी उरलें होतें व सारा गांव पाट्या घेऊन त्यांत उतरला होता. अर्ध्या दिवसांत डोह मोकळा झाला. खाऊन, विकून जें उरलें तें कांठावर सडत पडलें. तें पाणी उसास मोजून आठ दिवस पुरलें. पुढें ऊसही वाळला, आणि डोहालगतच्या दोन विहिरी, ज्यांत जनावरांपुरतें पाणी होतें, त्याही तळास गेल्या.

त्याच वर्षीं पाऊस चांगला झाला. डोह पुन्हां कांठोकांठ भरला. दोन वर्षांनीं आम्हीं त्या बाजूस गेलों असतां त्या बागाईतदारांपैकीं एक जण आम्हांस डोहावर घेऊन गेला व म्हणाला, "भाऊसाहेब, पाणी आलं, पण आंत कांहीं हालत नाहीं. ऊस गेला तो गेलाच, डोहही हातचा गेला." खालच्या अंगास दोन बंधारे झाले होते, मोठ्या पाण्यांतून मासे वर चढून येण्याची वाटही त्यांनीं अडविली होती. म्हणून एकदां रिकामा झालेला डोह केवळ पाण्यानें भरून येत नाहीं.

डोह आपल्या शेताच्या समोर आहे, तेव्हां त्यावर आपला हक्क आहे, असें कांठच्या खातेदारास वाटणें स्वाभाविक आहे. कागदोपत्रीं मात्र स्थिति तशी नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, ह्याच्या कलम २० प्रमाणें नद्या, ओढे, नाले ह्यांचीं पात्रें व त्यांतील पाणी, कोणाचा हक्क सिद्ध झालेला नसेल तेथें, सरकारच्या मालकीचें आहे. सात-बाऱ्यावर डोह कोणाच्या नांवें चढत नाहीं. तो सर्वांचा आहे, आणि सर्वांचा म्हणून कोणाचाच नाहीं असें समजणें हीच सगळ्या नाशाची सुरुवात आहे.

आपले पूर्वज कायद्याचीं कलमें जाणत नव्हते, तरी त्यांनीं ह्याची सोय करून ठेवली होती. कांहीं डोह देवाचे म्हणून सोडण्यांत येत. महाड तालुक्यांत काळ नदीवर वाळण कोंड येथें वरदायिनी देवीचे म्हणून महाशीर मासे पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले आहेत. तेथें कोणी गळ टाकीत नाहीं. देहूस इंद्रायणीच्या डोहांतील माशांस वारकरी मंडळी अशीच पवित्र मानीत आली. श्रद्धा कोणाची असो वा नसो, तिचा व्यावहारिक अर्थ स्पष्ट आहे. नदीच्या एका भागास हात न लावल्यानें बाकीच्या भागांस मासे मिळत राहतात. विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापासून लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीनें महाशिराचीं पिलें कृत्रिम रीतीनें तयार करून जलाशयांत सोडण्याचा उपक्रम चालविला, तो स्तुत्य आहे. परंतु पिलें सोडावयाची, तर त्यांस वैशाखांत राहण्यास डोह हवाच.

तर मग नदीकांठच्या शेतकऱ्यानें करावें काय? आमच्या मतें पुढील गोष्टी कोणासही जमण्याजोग्या आहेत. डोहांत पुरुषभर पाणी उरलें कीं पंप उचलावा, व हा नियम कांठच्या सर्व खातेदारांनीं ग्रामसभेंत एकमतानें ठरवावा. एकट्यानें पाळलेला नियम शेजारचा पंप धुवून नेतो. फवारणीचा पंप व औषधाचे डबे नदींत कधींही धुवूं नयेत. धरणाचें पाणी हटल्यावर गाळपेर करणाऱ्यांनीं तर हें विशेष पाळावें, कारण त्यांच्या शेतावरूनच पहिलें पाणी जलाशयांत जातें. शेणाचे ढीग व कडबाकुट्टीचा गाळ ओढ्याच्या पात्रांत टाकूं नये. पहिल्या पावसानें तो सर्व डोहांत लोटला जाऊन एका रात्रींत प्राणवायु संपवितो, आणि सकाळीं मेलेल्या माशांचा खच पडला कीं लोक उगाच विजेस दोष देतात. डोहाच्या कांठांस वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ अशीं झाडें राखावीं. त्यांची सावली डोहाचें पाणी फार तापूं देत नाहीं, व मुळ्यांनीं कांठही ढांसळत नाहीं. जाळें मोठ्या आंसाचें वापरावें, म्हणजे पिलें निसटतात. रोहिणी नक्षत्र लागल्यापासून पहिले दोन पूर होऊन जाईपर्यंत पोट फुगलेली मादी गळास लागली तरी सोडून द्यावी. आणि पिलांचा थवा राखणाऱ्या मरळीच्या जोडीस कोणीही हात लावूं नये.

गळ टाकण्याची हौस वाईट नाहीं. ती नदीकडे पाहावयास शिकवते, आणि जो पाहतो त्यालाच पाणी कधीं बिघडलें हें आधीं कळतें. ह्या वैशाखांत आपल्या शिवारांतील डोहावर एकदां पहांटे व एकदां सूर्यास्ताच्या सुमारास जाऊन यावें. पहांटे मासे तोंडें वर काढीत असतील तर तो गळ टाकण्याचा इशारा नसून पंप थांबविण्याचा इशारा आहे, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवलें तरी आमचा हा लेख लिहिण्याचा हेतु सफल झाला असें आम्ही समजूं.